आतड्याला बोटं असतात म्हणे

—धरून काय बसलीस तो भोपळ्याचा पेला, पोरी? पी. शिमारांव आहे, कडू पाल्याचा चहा, औषध नाही. कडू लागणारच, कडूच असतो तो. इथे सगळे एकाच नळीने पितात — माझा बाप प्यायचा, मी पितो, पाद्री आला तर तोही ओढतो आणि वर आणखी मागतो. काय? आत्ताच डुकराच्या पिल्लाचं पोट फाडून आलीस म्हणून नको? हात तर तीनतीनदा धुतलेस, मी बघत होतो की इथून. बरं, नको तर नको. आण इकडे, मी पितो. आमच्याकडे भोपळा परत करायचा म्हणजे घरच्याशी भांडण काढल्यासारखं असतं, पण तू शहरातली, तुला सोडलं. वाल्देसिर जाताना मला काय सांगून गेला ठाऊक आहे? 'बाबा, डॉक्टरीणबाईंना शिमारांव द्या, आणि तुम्ही तोंड उघडू नका.' सख्खा मुलगा! बापाला! पहिलं काम केलं मी. दुसरं माझ्याच्याने व्हायचं नाही. आर्दुइनो पासिनातो गप्प बसलाय असं ह्या डोंगरात कुणी बघितलेलं नाही. माझी बायको झेलिंडा म्हणायची, हा मेल्यावर पेटीतून बोलेल. तीच आधी गेली.

आता मला सांग — खाली शेडमध्ये ते जे म्हणालीस, ते वाल्देसिरच्या तोंडावर म्हणायची एवढी घाई काय होती? 'डोक्यात जाणारा मोठा रोग असू शकतो.' असू शकतो! अगं, असू तर काहीही शकतं! मी पोप असू शकतो! पोराचं तोंड बघितलंस का तू? पिठासारखं पांढरं झालं. सरकारी माणसं दुपारी येणार, रक्त नेणार, आणि तो तुझा मोठा रोग निघाला की शेड रिकामी करायची. रिकामी म्हणजे काय ते मला कळतं, शाळेत दोनच वर्षं गेलो असलो तरी. खड्डा खणायचा, आजारी-धडधाकट सगळी पिल्लं त्यात, वरून चुना, आणि शेडच्या दाराला साखळी. मग शेजारच्या बियाझुसांची शेड, मग खालच्या वळणावरच्या त्या म्हाताऱ्या लोरेन्झेत्तीची. आणि तू वाल्देसिरला काय काम दिलंस? जा, मोटरसायकल काढ आणि दारोदार सांगून ये, की आपापली फाटकं बंद करा, माझ्याकडे रोग आलाय. दारोदार! आमच्या घराण्यातलं कुणी लग्नाचं बोलावणं सोडून दारोदार गेलेलं नाही. ती शेड बांधायला त्याने किती वर्षं ऊर फोडला, मी बघितलंय. आणि आता तो बियाझुसच्या अंगणात टोपी हातात घेऊन उभा असेल, आणि बियाझुसची बायको पडद्याआडून बघत असेल.

रोग नाहीये तो. खाद्य आहे. तुमच्या कंपनीचं खाद्य! मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, पण म्हाताऱ्याचं ऐकतो कोण.

मी बघितलं नाही असं समजू नकोस. तुझ्या आधी बघितलं मी. आज उजाडताच मीच पहिला गेलो खाली. पश्चिमेच्या भिंतीकडचे शेवटचे दोन कप्पे — बाकी सगळी शेड ठणठणीत, खातेय, भांडतेय, एकमेकांची शेपटी चावतेय — आणि ह्या दोन कप्प्यांत पिल्लं भिंतीला डोकं टेकवून उभी, मास्तरने कोपऱ्यात उभी केल्यासारखी. एक कुत्र्यासारखं ढुंगणावर बसलेलं. नाक वर, थरथरतंय. मग मागे सरकायला लागलं — मागे, मागे, मागे — आणि धाडकन आडवं. पाय असे, सायकल मारल्यासारखे. डोळे सताड उघडे, मी समोर हात हलवला तर पापणी नाही हलली. मी जन्मभर डुकरं पाळली, बाई. हगून मेलेली बघितली, थंडीने मेलेली बघितली, आईच्या अंगाखाली चिरडलेली बघितली. आंधळं होऊन उलटं चालणारं पिल्लू नव्हतं बघितलं. मी तिथेच पाण्याच्या पाइपाला धरून उभा राहिलो.

आमच्या वेळी काय होतं? पिल्लू दोन महिने आईपाशी. पीत पीतच आईच्या खाण्यात तोंड घालायचं, मका चघळायचं, माती उकरायचं, आणि एक दिवस आईच लाथ मारायची — झालं, दूध तुटलं, कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. आता? तीन आठवडे झाले न झाले की उचललं, ट्रकात घातलं, चार ठिकाणची चार आयांची पिल्लं एका कप्प्यात कोंबली आणि समोर ओतली पावडर. खा! कसं खाईल? त्याला ठाऊक तरी आहे का खाणं म्हणजे काय? दोन दिवस काहीच खात नाही, तिसऱ्या दिवशी भुकेने येडं होऊन बकाबका खातं आणि चौथ्या दिवशी ढुंगणातून पाणी. हे मला तुम्ही शिकवायचं? पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, ट्रक कंपनीचा. शेड आमची, आणि घाण आमची. तेवढी मात्र कधी न्यायला येत नाही कंपनी.

आणि वर आंघोळ! शेडमध्ये जायचं तर आधी आंघोळ, दुसरे कपडे, दुसरे बूट. चर्चमध्ये जायला मी कधी आंघोळ केली नाही, देवाने काही म्हटलं नाही.

तू ती सभा घेतलीस ना गेल्या वर्षी, गावच्या हॉलमध्ये — हो, तूच होतीस, केस तेव्हा लांब होते — आणि पडद्यावर ते चित्र दाखवलंस. आतड्याच्या आतल्या अंगाला बोटं असतात म्हणे! लहान लहान बोटं, हजारो, आणि पिल्लू आईपासून तोडलं की उपासाने ती बोटं झडतात, म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. मी तिथे उठून विचारलं होतं, आठवतं? मी म्हटलं, बाई, दर थंडीत मी मांस भरून वाळवायच्या सलामीसाठी डुकराची आतडी धुतो — उलटी करून, संत्र्याच्या सालीने घासून — सहाव्या वर्षापासून धुतोय, मला एक बोट नाही दिसलं अजून. सगळा हॉल हसला. आणि तू म्हणालीस, ती दिसत नाहीत इतकी बारीक असतात. दिसत नाहीत, तर मग तू कशी बघितलीस? तेव्हाही असंच हसली होतीस. हस. हस. आता तर रडायची वेळ आहे.

पण त्या सभेतलंच आणखी काय होतं? 'ह्यापुढे पांढरी पावडर बंद.' ती पांढरी पावडर, जस्ताची का कशाची, ती खाद्यात होती तोवर हगवण होती का? नव्हती! कुणीतरी समुद्रापलीकडे बसून ठरवलं की त्यांना त्या पावडरीचं डुक्कर नको, त्यांची जमीन नासते म्हणे, आणि तुम्ही इथे पोतं बदललंत. आता काय आहे पोत्यात? चांगले जंतू! पैसे देऊन जंतू! सातूची फोलपटं, आणि पाण्यात व्हिनेगर. मी वाल्देसिरला म्हटलं, थोडं तेल घाल, कोशिंबीर होईल.

एक सांगतो, आणि हे मी वाल्देसिरसमोर कबूल करणार नाही — ती पेज बरी आहे. तुमचंच खाद्य कोमट पाण्यात कालवून पातळ पेज करायची आणि दिवसातून पाच-सहा वेळा ताटलीत थोडी थोडी द्यायची, हे तुझं सांगणं. वाल्देसिरला वेळ कुठला, तो म्हणाला, बाबा, तुम्ही करा, तुम्हाला तरी काय काम आहे. काय काम आहे! ऐकून घेतलं. पण केलं मी. नवीन पिल्लं आली की पहिले आठ दिवस मी तिथेच असतो. ताटलीत बोट बुडवायचं आणि त्याच्या ओठाला लावायचं. थुंकतं. परत लावायचं. मग जीभ बाहेर काढतं, हळूच, आणि तुझं बोटच ओढायला लागतं, आईचं समजून. मग बोट ताटलीत न्यायचं, तोंड मागोमाग येतं. एक शिकलं की दुसरं त्याच्याकडे बघून शिकतं. झेलिंडाच्या मांडीवर आमची पोरं अशीच जेवायला शिकली, मक्याच्या मऊ पोलेंताचा घास असा बोटाने — ते जाऊ दे. तुला काय त्याचं.

तर ह्या खेपेला सगळ्यांनी पेज धरली आणि तरी त्या दोन कप्प्यांना हगवण लागली. पिवळं पाणी. पिल्लांच्या पाठीचे मणके मोजता येतील इतकी सुकली. वाल्देसिरने कंपनीला कळवलं. कंपनी काय म्हणाली? थांबा! खाद्य थोडं कमी करा, थांबा, आतडं सावरेल. तू नव्हतीस, तो दुसरा होता फोनवर, पण तुम्ही सगळे एकाच साच्यातले. थांबा म्हणे! पिल्लू मरताना थांबतं का?

म्हणून मी म्हणतो, खाद्य तपासा. पोती फोडा. कुणी काय घातलंय त्यात ते बघा. पिल्लांचं रक्त काय काढताय?

काय? नाही. दुसरं काही नाही दिलं. कोण देणार? कराराच्या कागदावर लिहिलंय ना, कंपनीच्या खाद्याशिवाय दाणा द्यायचा नाही — वाल्देसिर तो कागद बायबलसारखा पाळतो. त्याला विचार. त्याने काहीही दिलेलं नाही, हे मी शपथेवर सांगतो. त्याने नाही दिलं. पुन्हा पुन्हा काय विचारतेस? पोलीस आहेस का?

तुला हगवणीचं औषध माहीत तरी आहे का? झेलिंडाला होतं. पुस्तकातलं नव्हे. दर शनिवारी ती चीज करायची — दूध तापवायचं, फाडायचं, दाबायचं — आणि जी निवळी उरायची, हिरवट पाणी, ती बादलीत गरम असतानाच डुकरांकडे. दूध तुटलेल्या पिल्लांना आधी. दोन दिवसांत हगवण गायब आणि अंगावर अशी चकाकी, मेण फासल्यासारखी. तुमच्यासारख्या शिकलेल्यांनी ते सगळं बंद केलं. निवळी घाण, निवळी जुनाट, निवळी —

काय म्हणालीस? परत म्हण. तुमच्या खाद्यात निवळी आहे? ह्या पोत्यात? वाळवून केलेली पावडर — पहिल्या आठवड्याच्या खाद्यात — आणि सगळ्यांत महाग तीच? ओस्तिया! ऐकलंस, झेलिंडा? ऐक! तुझं बादलीतलं पाणी वाळवून पोत्यात भरलं त्यांनी आणि आम्हालाच विकताहेत! आणि काय, दुधातली साखर असते तीत, पिल्लाच्या पोटाला ती लगेच मानवते, ती तुझी बोटं सुद्धा परत उगवतात? मग! मग मी काय वेगळं केलं? तुम्ही पावडर घालता, मी ओली दिली! ताजी! गरम! तुमच्यापेक्षा चांगली! आता लिहून घे, आणि कंपनीला सांग, त्या म्हाताऱ्याने —

हो. दिली मी. बघ, बघ माझ्याकडे. दिली. वाल्देसिरला माहीत नाही. शनिवारी सूनबाई, नेइवा, तिचं चीज झालं, आणि मी निवळीचे दोन डबे हातगाडीवर घालून नेले. आंघोळ केली बरं का! डब्यांनाही घातली! त्या दोन कप्प्यांनाच दिली, ज्यांना हगवण होती त्यांनाच. बाकीच्यांना कशाला वाया घालवू. जुनी लाकडी दोण कप्प्यात ठेवली आणि भरली. रविवारी वाल्देसिर दिवसभर चर्चच्या जत्रेत, सोमवारी तो मका पेरायला वर. कुणी बघितलं नाही. आणि हगवण थांबली, बाई! विचार कुणालाही — नाही, कुणाला विचारणार, मीच होतो — पण सोमवारी सकाळी जमीन कोरडी होती! कोरडी! मी गुडघ्यांवर बसून बघितलं.

पीत कशी नाहीत? प्यायली. पहिल्यांदा नाही प्यायली, ते खरं. तोंड लावलं आणि मागे सरकली. ही तुमची नळाची पिल्लं, त्यांना दोण म्हणजे काय ठाऊक नाही. दोणीत तोंड घालायचं सोडून भिंतीवरच्या तोटीला जाऊन चिकटायची. आमच्या वेळी तोट्या कुठे होत्या? दोणीत जे असेल ते प्यायचं, निवळी असेल तर निवळी. मग मी काय केलं — डोकं लागतं ह्याला — त्या बाजूच्या पाइपाची चावी बंद केली. दोनच कप्प्यांना जाते ती चावी. तहान लागली की शिकतं पिल्लू. आणि शिकली! शनिवारी संध्याकाळी बंद केली, रात्रीत दोण रिकामी. रविवारी परत भरली. परत रिकामी.

सोमवारी. काल संध्याकाळी उघडली. वाल्देसिर खाली उतरायच्या आत. तुला काय वाटतं, मी त्यांना तहानलेली मारली? मुळीच नाही! तोटी उघडल्याबरोबर अशी तुटून पडली पाण्यावर, एकावर एक चढून — पोटं ढोलकीसारखी होईतो प्यायली. मी म्हटलं, बरं झालं, आता रात्रभर झोपतील. पाणी कमी पडलं असं कुणी म्हणू शकत नाही. आणि सकाळी बघतो तर —

अशी काय बघतेस? तुझं तोंड का असं झालं?

मीठ? कसलं मीठ? निवळीत मीठ नसतं. तुला चीज करता येत नाही आणि तू मला सांगतेस. ऐक, मीठ नंतर लावतात, चीजला, बाहेरून! दाबून काढलं, फळीवर ठेवलं, मग झेलिंडा मुठीने मीठ चोळायची, दोन्ही अंगांनी, रोज उलटायची. निवळी तोवर कधीच डुकरांच्या पोटात गेलेली असायची. गोड असते निवळी. मी जन्मभर दिलीय, एक पिल्लू नाही मेलं. मीठ म्हणे!

चाखली? चाखायची काय गरज? पाणी चाखून बघतेस का तू रोज? आणि मला चाखायचं तरी काय — नेइवाने माझं ताट सगळं अळणी करून ठेवलंय, रक्तदाब म्हणून, मला आता मीठ म्हणजे काय तेच —

नेइवा कसं करते? तसंच करते. चीज काय दहा प्रकारांनी होतं का? दूध तापवते, फाडते, ढवळते, मग — तिचं थोडं निराळं आहे. तिचं शहरात विकायला जातं, आत्ताही तिकडेच गेलीय ती, दुकानवाल्याला आतून-बाहेरून एकसारखं चवीचं लागतं, चीज तपासणारी सरकारी बाई आली होती, तिने शिकवलं. वर्षभरापूर्वी. अर्धी निवळी आधी काढून टाकते आणि मग तपेल्यातच, दाबायच्या आधी — तपेल्यातच —

थांब. थांब जरा.

तपेल्यातच टाकते. ती निळी पिशवी. मी बघितलंय तिला टाकताना. शंभरदा बघितलंय. आधीची निवळी ती वासरांना घालते. आणि नंतरची — दाबताना गळते ती — ती बाहेर उघड्यावर, सांडपाण्याच्या खड्ड्यात ओतते. मीच भांडलो होतो तिच्याशी त्यावरून. म्हटलं, तुझी सासू एक थेंब वाया घालवायची नाही, आणि तू खड्ड्यात ओततेस? ती म्हणाली, 'बाबा, ती नका देऊ डुकरांना, ती —' आणि मी तिला पुढचं बोलू दिलं नाही. मी म्हटलं, तू मला डुकरं शिकवणार? ती बोलत नाही फारसं, माझ्यासमोर तर नाहीच. आणि शनिवारी ती खड्ड्याकडे निघाली होती डबे घेऊन. मी तिच्या हातातून घेतले. म्हटलं, मी ओततो, तू जा.

मीठ होतं त्यात.

आणि पाणी मी बंद केलं. आणि मग एकदम — कसं? नीट सांग, मला कळेल असं सांग. मिठाने सुकलेलं डोकं, आणि त्यात एकदम पाणी घुसलं की सुजतं आतून. म्हणजे चावी बंद केली ते एक, आणि उघडली ते दुसरं. दोन्ही मीच. आणि मी तिथे उभा राहून बघत होतो की कशी छान पिताहेत.

तो मोठा रोग नाही मग? चिकटणारा नाही? बाकीच्या कप्प्यांना काही नाही होणार? बियाझुसला नाही? मग शेड रिकामी नाही करायची! खड्डा नाही, चुना नाही — अगं मग हसत का नाहीस, ही चांगली गोष्ट आहे! वाल्देसिरची शेड — 

हो. कळतंय मला. कंपनीच्या पिल्लांना बाहेरचं दिलं. कागदात लिहिलंय. म्हणजे रोग निघाला असता तर त्याचं नशीब म्हणून भरपाई तरी मिळाली असती, आणि हे निघालं तर — तर त्याला पुढची पिल्लंच देणार नाही कंपनी, असंच ना? रिकामी शेड. साखळी न लावता.

ऐक. तू असं सांग ना — तोटी तुंबली होती. तुंबते की. दोनच कप्प्यांची तुंबली. आणि खाद्यात मीठ जास्त पडलं तुमच्याच कारखान्यात — मी सकाळपासून तेच तर ओरडतोय, खाद्य खराब आहे, सगळ्या डोंगराला ऐकू गेलंय, कुणालाही पटेल. बियाझुस तर लगेच साक्ष देईल. सांगशील? एवढंच सांग. अशी नको बघूस माझ्याकडे.

नाही सांगणार. हं. तुझ्या जागी मीही नसतं सांगितलं. पोती फोडतील, मीठ मोजतील, आणि मग नेइवाच्या तपेल्यापाशी येतील. तिचं नाव नको यायला ह्यात. ती सांगत होती. तू ऐकलंस ना, ती सांगत होती.

जी उभी आहेत अजून, त्यांचं काय? पाणी द्यायचं ना? काल उघडलेली चावी तशीच आहे — बंद करू? थोडं थोडं? ताटलीत, घोटभर, थांबून थांबून, पुन्हा घोटभर. करतो. जमतं मला ते. दिवसभर बसेन. रात्रभर. थांब, हे आधी —

ही त्याचीच मोटरसायकल. वळणावर आलाय. सगळ्यांना सांगून आला बघ. सगळ्या घरांना. आता परत त्याच घरांना जाऊन काय सांगायचं त्याने?

तू नाही. तू बस — नाही, बसू नकोस, ऊठ. तू काही सांगायचं नाहीस त्याला. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्याला वाटेल कंपनीने दोष लावला, आणि तो माझी बाजू घ्यायला भांडेल तुझ्याशी. मूर्ख आहे तो, माझ्यासारखा. मी सांगतो. तू जा. खाली तुझ्या गाडीपाशी जाऊन उभी राहा, पाठ करून. सरकारी माणसं आली तर त्यांनाही तिकडेच थांबव. जा म्हटलं ना! ऐकायला कशाला थांबतेस, तुझं काम झालं.

वाल्देसिर! इकडे ये. वरच ये, शेडकडे नको जाऊस. हो, ती आहे खाली, तिला राहू दे. आधी ती मोटर बंद कर. बंद कर ती. मला दोनदा नाही सांगता येणार.